दातांची कीड आणि साखरेचा इतिहास

दात दुखू लागला की 'दाताला कीड लागली' असे म्हणण्याचा प्रघात मराठीत आहे. या शब्दप्रयोगामागे एक अतिप्राचीन समजूत दडलेली आहे. दातात किडा शिरतो आणि तो आतून दात पोखरतो, असे बाबिलोनच्या लोकांना वाटे. त्या किड्याला हाकलून देण्याचा मंत्र त्यांच्या मातीच्या विटांवर कोरलेला सापडला आहे. आपल्या सुश्रुतसंहितेतही या व्याधीला 'कृमिदंतक' असेच नाव आहे. परंतु या किड्याला रोज खाऊ घालणारा हात मनुष्याचाच आहे, हे उमगण्यास फार मोठा काळ जावा लागला.

त्या खाद्याचे नाव साखर. उसाच्या रसापासून साखरेचे खडे करण्याची कला प्रथम भारतात विकसित झाली. संस्कृत 'शर्करा' हा शब्द फारसी व अरबी भाषांतून युरोपात पोहोचला. 'खंड' या शब्दापासून इंग्रजांचा 'कँडी' झाला. मात्र युरोपात साखर कित्येक शतके औषधाच्या दुकानात मिळे आणि केवळ धनिकांनाच परवडे. म्हणूनच तिचा उपद्रवही प्रथम राजवाड्यात दिसला. पॉल हेंट्झनर या जर्मन प्रवाशाने १५९८ साली ग्रीनिच येथे इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिला पाहिले. तिच्या वस्त्रालंकारांच्या वर्णनातच तिचे दात काळे पडल्याची नोंद त्याने केली आणि साखरेच्या अतिसेवनाने इंग्रजांत हा दोष आढळतो, असेही लिहून ठेवले.

पुढे हा राजवाड्यातील दोष झोपडीत आला. वेस्ट इंडीज बेटांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उसाचे मळे उभे राहिले. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपुष्टात आणली गेली, तेव्हा मॉरिशससारख्या बेटांवर भारतातून गिरमिटिये मजूर नेण्यात आले. साखर स्वस्त होत गेली. १८७४ साली ब्रिटनने तिच्यावरील आयात जकातही काढून टाकली. तेथे १८०० च्या सुमारास दरडोई वर्षाला सुमारे १८ रत्तल साखर लागे. १९०० च्या सुमारास हे प्रमाण ९० रत्तलांवर गेले. गोड चहा आणि मुरंबा लावलेला पाव हे गिरणी-कामगाराचे नित्याचे अन्न झाले. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीस आलेले कित्येक तरुण केवळ दात खराब म्हणून परत पाठवावे लागले.

शास्त्राची वाटचाल मात्र मंद होती. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात दातातील किड्याची कल्पना नाकारली व गोड पदार्थांकडे बोट दाखवले. १८९० मध्ये बर्लिन येथे काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन संशोधकाने कारणमीमांसा मांडली. तोंडातील सूक्ष्मजंतू साखर व पिष्ट पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील खनिज विरघळवते, असे त्याने दाखवले. म्हणजे किडा होता. पण तो डोळ्यांना न दिसणारा होता, आणि साखरेवाचून फारसा उपद्रवी नव्हता. १९४० नंतरच्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी आणखी एक गोष्ट मोजून दाखवली. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरील थरात आम्लता वाढते आणि लाळेच्या योगाने ती ओसरण्यास अर्धा तास ते एक तास लागतो.

दुसऱ्या महायुद्धाने या मताला अनपेक्षित पुष्टी दिली. जपानमध्ये दरडोई वर्षाला सुमारे १५ किलो असणारी साखर १९४६ मध्ये पाव किलोपेक्षाही कमी झाली. तेथील आणि नॉर्वेतील मुलांच्या दातांची कीड या टंचाईच्या काळात लक्षणीय घटली, आणि साखर परत येताच तीही परतली.

तरीही निर्णायक पुरावा हवा होता. तो स्वीडनमधील लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म रुग्णालयात मिळाला. हे मतिमंदांचे रुग्णालय होते. १९४५ नंतर सुरू झालेल्या प्रयोगांत तेथील ४३६ रुग्णांचे गट पाडले गेले. कोणाला जेवणाबरोबर साखर दिली, कोणाला गोड पाव, कोणाला चॉकलेट, तर काहींना दिवसाला २४ पर्यंत चिकट टॉफ्या. खर्चाचा काही भार मिठाई-उद्योगानेही उचलला होता. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड थोडीच वाढली. परंतु दोन जेवणांच्या मध्ये वारंवार खाल्लेल्या चिकट गोड पदार्थांनी दातांची दुर्दशा केली.

गोड किती खाल्ले याइतकेच ते केव्हा व किती वेळा खाल्ले याला महत्त्व आहे, हा आज शाळेतल्या मुलालाही शिकवला जाणारा धडा येथून आला. परंतु ज्यांच्या दातांवर तो लिहिला गेला, त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. ती देण्याची वा नाकारण्याची शक्तीही त्यांच्यापैकी अनेकांत नव्हती. स्वीडनमध्येच या प्रयोगावर पुढे कठोर टीका झाली. टॉफ्या बंद केल्यावर नवी कीड मंदावली. गेलेले दात मात्र परत आले नाहीत. साखर स्वस्त झाली ती गुलामांच्या घामाने, आणि तिचे दुष्परिणाम कळले ते असहायांच्या वेदनेने. साखरेचा इतिहास सांगताना ही दोन्ही ऋणे मान्य केली पाहिजेत.

आता चिंता पेयांची आहे. अमेरिकन आहारशास्त्रज्ञ क्लाइव्ह मॅके यांनी १९५० साली तेथील प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे, कोला पेयात ठेवलेले दात दोन दिवसांत मऊ पडू लागतात, अशी साक्ष दिली. तोंडात पेय इतका वेळ राहत नाही, हे खरे. पण अशा पेयात साखरेबरोबर आम्लही असते आणि घोट घोट पिण्याच्या सवयीने लाळेला उसंत मिळत नाही. गूळ साखरेहून निर्दोष, ही समजूतही दातांपुरती फोल आहे. त्यातही मुख्यतः तीच शर्करा असते आणि तो चिकटतो अधिक.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अन्नात मिसळलेल्या साखरेचे प्रमाण एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, शक्य तर पाच टक्क्यांच्या आत, ठेवण्यास सांगितले. सणावारी पानात वाढलेल्या गोडाला यामुळे बंदी होत नाही. गोड जेवणाबरोबर खावे, मग चूळ भरावी आणि पुढच्या जेवणापर्यंत दातांना विसावा द्यावा, एवढेच पथ्य आहे. व्हिपेहोल्मच्या त्या अनाम रुग्णांनी ते फार महाग किमतीला मिळवून दिले आहे.