अंगणातली शाळा आणि बालकाचे मन



 बालपणीचे अनुभव आणि शिक्षण यांचा मेंदूवर व मनःस्वास्थ्यावर काय परिणाम होतो, हा आजचा विषय. मी इतिहासाचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. तरीही हा विषय मी स्वीकारला, कारण त्याच्या इतिहासातले एक तेजस्वी प्रकरण सिल्वासाच्या शेजारी, डहाणू तालुक्यात, बोर्डी आणि कोसबाद येथे घडले आहे. विज्ञानाने जे पुढे प्रयोगशाळेत मोजले, ते दोन मराठी स्त्रियांनी वारली मुलांच्या सहवासात आधीच ओळखले होते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

या कथेचा आरंभ १९०७ साली रोममध्ये होतो. सान लोरेंझो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह काढले आणि धाक व बक्षीस यांवाचूनही मूल एकाग्रतेने शिकते, हे दाखवून दिले. हा विचार आपल्याकडे रुजवला तो भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनी. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी १९३६ साली मुंबईत दादरला शिशुविहार काढला. परंतु शहरातील सुखवस्तू घरांपुरते हे शिक्षण मर्यादित राहावे, हे त्यांच्या मनाला पटेना. माँटेसरींची साधने महागडी होती आणि खेड्यातील बालकाच्या नशिबी ती येणे शक्य नव्हते. म्हणून १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथे त्यांना सहकारी लाभल्या त्या अनुताई वाघ. बालवयात लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य वाट्याला आलेल्या या मुलीने शिक्षणाच्या बळावर स्वतःचे आयुष्य घडवले होते.

१९४५ हे वर्ष या परिसराच्या इतिहासात आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणू भागातील वारल्यांनी वेठीविरुद्ध आणि लग्नगडीच्या प्रथेविरुद्ध उठाव केला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबावयाचे, अशी ती प्रथा. 'जेव्हा माणूस जागा होतो' या आपल्या ग्रंथात गोदावरीबाईंनी या लढ्याची हकिकत लिहून ठेवली आहे. तो लढा मजुरीचा होता, तसाच तो भयाविरुद्धचाही होता. ज्या घरात आईबाप सावकाराच्या पावलांच्या आवाजाने दचकत, त्या घरातील मूल काय शिकत असेल? अक्षरांच्या आधी ते भीती शिकत असे. म्हणूनच या दोन घटना मला परस्परपूरक वाटतात. एका चळवळीने प्रौढांच्या मनातील भय घालवले, आणि दुसऱ्या कार्याने ते भय पुढच्या पिढीच्या मनात शिरू नये म्हणून धडपड केली.

ही धडपड कशी होती, हे पाहण्यासारखे आहे. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच वर्गच त्यांच्या अंगणात भरू लागला, आणि त्यातून 'अंगणवाडी' जन्माला आली. १९५७ साली कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे राखावयास जात, म्हणून शिक्षक त्यांच्यामागोमाग कुरणात गेले आणि तिला 'कुरणशाळा' म्हटले गेले. शिंपले, खडे, बिया, पाने, माती हीच शैक्षणिक साधने झाली. आधी आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र आणणारी 'विकासवाडी' येथेच साकार झाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू केली, तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आता विज्ञान काय म्हणते ते पाहू. जन्मतः मुलाचा मेंदू प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश असतो, आणि सहाव्या वर्षापर्यंत तो सुमारे नऊ दशांश होतो. या काळात मज्जापेशींमध्ये असंख्य जोडण्या तयार होतात. ज्या वापरल्या जातात त्या दृढ होतात, उरलेल्या गळून पडतात. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला. पुढे तो उघडल्यावर डोळा निरोगी असूनही त्या डोळ्याने पिलास जवळजवळ दिसेना. मोठ्या मांजरावर मात्र असा परिणाम झाला नाही. मेंदूच्या घडणीत काही काळ विशेष मोलाचे असतात, हे त्यातून सिद्ध झाले. १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जी गोष्ट दृष्टीची, तीच काही अंशी मायेची. रुमानियातील अनाथालयांत वाढणाऱ्या १३६ बालकांचा अभ्यास २००० साली बुखारेस्ट येथे सुरू झाला. त्या बालकांना अन्नवस्त्र मिळे, पण जवळ घेणारे माणूस मिळत नसे. त्यांपैकी निम्मी मुले पालक-कुटुंबांत ठेवण्यात आली. या मुलांची बुद्धी व भावनिक स्थिती सुधारली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची प्रगती अनेक बाबतींत अधिक झाली. बालपणी अत्याचार व घरातील विपरीत परिस्थिती यांचे अनुभव जितके अधिक, तितके प्रौढपणी नैराश्याचे प्रमाण अधिक, असे अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही आढळले.

परंतु मला सर्वांत जवळचा वाटतो तो जमैकातील प्रयोग. १९८६-८७ साली किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील, वाढ खुंटलेल्या १२९ बालकांची निवड झाली. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्यास तासभर जाऊन, घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे हे आईला दाखवीत. हे दोन वर्षे चालले. ही मुले सतरा-अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात चिंता आणि नैराश्य तुलनेने कमी आढळले. वीस वर्षांनंतर त्यांची कमाईही सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. यात कोणतेही महागडे यंत्र नव्हते. कोसबादच्या शिंपल्यांशी या खेळण्यांचे नाते कोणाच्याही ध्यानी येईल.

येथे एक सावधगिरी हवी. ज्याचे बालपण खडतर गेले त्याचे सारे संपले, असा अर्थ यातून काढणे चुकीचे आणि क्रूर ठरेल. मेंदू आयुष्यभर बदलत राहतो. स्वतः अनुताईंचे जीवन हेच त्याचे उदाहरण आहे. उशिरा मिळालेला आधारही वाया जात नाही, इतकेच की लवकर मिळालेला अधिक खोल रुजतो.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले आणि १९६१ साली दादरा व नगर हवेली भारतात विलीन झाली. पोर्तुगीज अमलात शिक्षणाचा प्रसार तुटपुंजाच होता. त्या पार्श्वभूमीवर १९९१ साली ४०.७१ टक्के असलेली साक्षरता २०११ साली ७६.२४ टक्क्यांवर पोहोचली, ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि तिच्यात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. परंतु या आकड्यात पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलाचे मन दिसत नाही. वारली, ढोडिया, कोकणा घरांतून येणारे मूल आपली बोली घेऊन येते. वर्गात त्याला गुजराती, मराठी, हिंदी वा इंग्रजी ऐकू येते. कारखान्यांच्या निमित्ताने दूरवरून आलेल्या कामगारांच्या मुलांचीही हीच स्थिती. मूल गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याला आपण मंदबुद्धी म्हणून मोकळे होतो. त्या एका शब्दाचा भार ते मूल किती वर्षे वाहते, याचा हिशेब कोणत्याही प्रगतिपुस्तकात लिहिला जात नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. धोरण कागदावर असते, वर्गात शिक्षक असतो. त्याने मुलाच्या बोलीतले दहा शब्द शिकून घेतले, त्याला नावाने हाक मारली, हातातली छडी खाली ठेवली, तरी पहिले काम झाले.

माजी विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकजण घरातील पहिलेच साक्षर असतील. आपणास कोणत्या गुरुजींनी वा बाईंनी निर्भय केले, ते आपण जाणता. त्या ऋणातून उतराई होण्याचा मार्ग एकच. आपल्या गावातील अंगणवाडीत आठवड्यातून एक तास जाऊन बसा. तेथे मुलांना गोष्ट सांगा, आणि त्यांची गोष्ट त्यांच्या बोलीत ऐका. ताराबाई आणि अनुताई यांचे कार्य याहून निराळे नव्हते, त्यांनी ते आयुष्यभर केले इतकेच.