बॅकअप होता, पण परत येईना

आजची गोष्ट ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीची. मी तेव्हा बीटेकला होतो आणि माझे प्रोजेक्ट गिटलॅबवर ठेवायचो.

त्या रात्री गिटलॅबचा दुय्यम डेटाबेस सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडला होता. एका इंजिनिअरने ठरवलं, दुय्यमवरचा डेटा पुसून कॉपी नव्याने करू. कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, आपण मुख्य सर्व्हरवर आहोत! थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते.

तुम्ही म्हणाल, बॅकअप असेल की! होता ना. पण डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि बॅकअपचं टूल ९.२ चं, त्यामुळे तो फेल व्हायचा. फेल झाल्याचे ईमेल निघायचे, पण डीमार्कच्या नियमात न बसल्यामुळे ते नाकारले जायचे. एस-थ्रीवर पाहिलं तर जागा रिकामी. अझूरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते.

मग वाचवलं कशाने? त्याच इंजिनिअरने साधारण ६ तास आधी, वेगळ्याच कामासाठी, हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. संथ डिस्कवरून तो परत आणायला सुमारे १८ तास लागले. लोकांचा कोड वाचला, पण मधल्या ६ तासांतले सुमारे ५,००० प्रोजेक्टचे तपशील, ५,००० कॉमेंट आणि ७०० नवे युजर गेले.

किती तासांचा डेटा गेला तर चालेल, आणि किती तासांत परत उभं राहायचं? डिझास्टर रिकव्हरीचे हे दोन आकडे आधी ठरवायचे असतात. त्यांना ते त्या रात्री कळले.

मला आवडलं ते पुढचं. त्यांनी दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली, इंजिनिअरचं नाव घेतलं नाही, आणि कबूल केलं की बॅकअप तपासायची जबाबदारी कुणा एकाची नव्हतीच.

माझ्या पहिल्या नोकरीतही रोज सकाळी बॅकअपसमोर हिरवी टिक दिसायची. एका शनिवारी मी सहज रिकाम्या मशीनवर तो रिस्टोअर करून पाहिला. डेटाबेस उभा राहिला, पण ग्राहकांच्या बिलांचं फोल्डर त्यात नव्हतंच. कधीच नव्हतं. पोटात गोळा आला. कारण टिक खोटी नव्हती. जेवढं सांगितलं होतं, तेवढं ती इमानदारीत करत होती.

तेव्हापासून दर महिन्याला मी रिस्टोअर करतो आणि घड्याळ लावतो. तुमचा बॅकअप तुम्ही शेवटचा कधी उघडून पाहिलात? या शनिवारी पाहा. भेटू पुढच्या भागात!