अकरा वर्षांच्या मुलीला दिसलेले तुकोबा

1/ संत बहिणाबाई (खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी नव्हेत) सतराव्या शतकातल्या. जन्म वेरूळजवळच्या देवगावचा. तिसऱ्या वर्षी तिशीतल्या बिजवराशी विवाह. पुढे कुटुंब परागंदा होऊन कोल्हापुरात विसावले.

2/ तिथे दान मिळालेल्या गाईच्या वासराला या मुलीचा विलक्षण लळा लागला. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते तिच्यामागून जाई. स्वामींनी दोघांच्या मस्तकी हात ठेवला. ही वार्ता कानी येताच पतीने तिला बेदम मारले.

3/ काही दिवसांत वासरू दगावले. मुलगी शुद्ध हरपून पडली. त्या अवस्थेत तिला विठ्ठल दिसला. तुकोबा दिसले आणि त्यांनी मंत्र दिला. तुकोबांना तिने प्रत्यक्ष पाहिले नव्हते, अभंग मात्र ऐकले होते. तेव्हा तिचे वय होते अवघे अकरा-बारा.

4/ हा रोग होता काय? 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यानुसार, 9 ते 12 वयोगटातील सुमारे 17 टक्के मुलांना असे अनुभव येतात. नसलेला आवाज ऐकू येणे हा त्यांतला प्रमुख. 13 ते 18 वयात हे प्रमाण 7.5 टक्क्यांवर उतरते. बहुतेकांचे अनुभव आपोआप ओसरतात.

5/ तरीही चार शतकांपूर्वीच्या मुलीचे निदान इतिहासकाराने करू नये. आपल्यापाशी आहेत ते तिचेच आत्मपर अभंग, प्रौढपणी रचलेले. त्यांत स्मृती आणि श्रद्धा एकमेकींत मिसळल्या आहेत. ठाऊक आहे ते इतकेच: त्या सत्तरीपर्यंत जगल्या, संसार केला, 'वज्रसूची' मराठीत आणली.

6/ पतीचा संताप केवळ दर्शनावर नव्हता. ब्राह्मण स्त्रीने शूद्र गुरू मानला, हे त्याला असह्य होते. स्वतः आजारी पडल्यावर तो नरमला आणि कुटुंब देहूला गेले.

7/ आता नंदुरबारला लागून असलेला दक्षिण गुजरातचा आदिवासी पट्टा पाहा. 1922 मध्ये तिथे प्रौढ स्त्री-पुरुषांच्या अंगात 'देवी' येऊ लागली. तिच्या नावाने आज्ञा झाली: दारू सोडा, रोज स्नान करा, पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. गावेच्या गावे ती पाळू लागली.

8/ एकीकडे मार, दुसरीकडे आज्ञापालन. असा अनुभव सांगणाऱ्याच्या वाट्याला काय येईल, हे त्याचे वय, लिंग, जात आणि ऐकणारे कोण यांवर ठरत आले. बहिणाबाईंचे शब्द टिकले, कारण त्यांनी ते स्वतः अभंगांत बांधले. मार खाऊन गप्प झालेल्या इतर मुलांची नोंद कोणत्याही बाडात नाही.