लखनौचा शिक्का

कोलकात्याच्या मल्लिकबाजारात जुन्या वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. अशा ठिकाणी लँब्रेटाचे गंजलेले धूड दिसले, की ‘अस्सल इटालियन आहे’ असे सांगणारा कोणी तरी भेटतोच. हल्ली हौशी मंडळी अशी स्कूटर मिळवून तिला साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या शर्यतीच्या गाडीचे रूप देतात. या हौसेला हसण्याचे कारण नाही. परंतु तिच्या पोटी इतिहासाचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि कागदपत्रांत वावरणाऱ्या आपणांस तो परका वाटू नये.

मिलानच्या लँब्राते भागातील इनोचेंती कारखान्यात १९४७ मध्ये लँब्रेटा जन्मली. युद्धाने मोडलेल्या इटलीला स्वस्त वाहन हवे होते. पण स्वस्त वाहनालाही कीर्ती लागते. फेब्रुवारी १९५१ मध्ये प्रतिस्पर्धी व्हेस्पाने ताशी १७१ किलोमीटरचा वेग गाठला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोमोलो फेर्री या स्वाराने जर्मनीत १२५ सीसीच्या लँब्रेटावर ताशी २०१ किलोमीटरपर्यंत मजल मारून त्यास उत्तर दिले. इंजिनात हवा दाबून भरणारी ती निमुळत्या कवचाची गाडी अर्थातच दुकानात मिळणारी नव्हती. हौशी स्वारांची तऱ्हा निराळी होती. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर १९५७ पासून स्कूटरस्वारांचे मेळावे भरू लागले. अशा स्पर्धांतले स्वार आपल्या नित्याच्या स्कूटरवरच प्रयोग करीत. सिलिंडरची द्वारे रुंद करावीत, मोठा कार्बोरेटर बसवावा, बाजूची झाकणे काढून वजन उतरवावे, असा तो उद्योग असे. तेव्हा साध्या स्कूटरला शर्यतीचे रूप देणे ही त्या काळाचीच रीत होय. तीत बनावट काही नाही.

खोटेपणा शिरतो तो दुसऱ्या वाटेने. १९५० च्या दशकात मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने भारतात लँब्रेटाची जुळणी सुरू केली. १९७१ मध्ये इनोचेंतीने स्कूटरचे उत्पादन थांबविले. पुढच्याच वर्षी भारत सरकारने स्कूटर्स इंडिया लिमिटेड ही कंपनी स्थापिली आणि मिलानची यंत्रसामग्री लखनौस आणविली. तेथील स्कूटर देशात ‘विजय सुपर’ म्हणून विकली गेली, तर परदेशी ‘लँब्रेटा’ या जुन्याच नावाने गेली. १९९७ मध्ये तेथील स्कूटर बंद झाली आणि २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनी मिटविण्यास मान्यता दिली. म्हणजे आपल्याकडील कित्येक ‘इटालियन’ स्कूटरी वस्तुतः भांडुपच्या किंवा लखनौच्या लेकी आहेत.

मात्र हौशी बाजारात मिलानला जो भाव, तो लखनौला नाही. मग लखनौची खूण उतरवून इटालियन नाममुद्रा जडविण्याचा मोह होतो. त्या इवल्याशा पट्टीखाली, परदेशी यंत्रांवर हात बसवून स्कूटर घडविणाऱ्या हजारो कामगारांचा अध्याय झाकला जातो. ज्या कंपनीचे दप्तरही आता मिटले, तिची साक्ष द्यायला अशा गाड्यांखेरीज फारसे काही उरणार नाही.

याच बंगालचे यदुनाथ सरकार आणि आपले रियासतकार सरदेसाई यांची दीर्घ मैत्री अस्सल कागदांच्या शोधावर पोसली गेली. नकलेचाही उपयोग इतिहासकाराला होतो, पण ती नक्कल आहे हे वर लिहिलेले असेल तरच. सरकारी फायलीची शिस्तही हीच. मागील टिप्पणी पटली नाही म्हणून कोणी ते पान फाडीत नाही. त्याखाली आपली टिप्पणी लिहून तारखेसह सही करतो.

स्कूटरलाही हाच न्याय लावावा. झाकणे काढावीत, पण जपून ठेवावीत. चौकटीवरील क्रमांकास हात लावू नये. कोणता भाग जुना, कोणता नवा, याची वही ठेवावी. कोलकात्यात ‘स्टेट्समन’ची जुन्या मोटारींची फेरी १९६८ मध्ये सुरू झाली. अशा एखाद्या मेळाव्यात शर्यतीच्या थाटातली लँब्रेटा उभी राहावी आणि तिच्यापुढच्या पाटीवर ‘विजय सुपर, लखनौ’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. ती पाटी वाचणाऱ्यास मिलानही कळेल आणि लखनौही.