भुशीचे पाणी आणि विलायतेची पेढी

पावसाळ्यात लोणावळ्यास जाणाऱ्या मुंबईकरास किंवा पुणेकरास भुशीचे नाव नव्याने सांगावयास नको. धरण भरून पाणी पायऱ्यांवरून खळाळू लागले म्हणजे त्या पायऱ्यांवर बसावयास जागा मिळत नाही. मुलांना पाण्यात सोडून वडील माणसे भाजलेली कणसे खात बसतात. हे धरण कोणी बांधले याची चौकशी त्या गर्दीत क्वचितच कोणी करतो, आणि त्याचा पैसा कोठून आला हा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाही. आज तोच प्रश्न घेऊन मी श्रोत्यांपुढे आलो आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे म्हणजे बोरघाट उतरून मुंबई बंदरात, आणि तेथून आगबोटीने लंडनच्या पैसेबाजारात जावे लागते. त्या बाजारात आपल्याला इकडून गेलेले दोन गृहस्थ भेटतात. दोघेही एल्फिन्स्टन विद्यालयातून बाहेर पडलेले, आणि दोघेही पेढीच्या कामासाठी समुद्रापार गेलेले.

भुशीचा तलाव ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधला तो एंजिनांना पाणी पुरविण्यासाठी. घाट चढून आलेले एंजिन तहानलेले असते, आणि मावळात पाऊस कितीही पडला तरी चैत्र-वैशाखात ओढे कोरडे पडतात. ही कंपनी मुंबईच्या नावाने ओळखली जात असली तरी तिचा जन्म पार्लमेंटच्या १८४९ च्या कायद्याने झाला. तिच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांत नाना शंकरशेट व सर जमशेटजी जिजीभाई होते, हे खरे. परंतु भांडवल उभे राहिले ते लंडनमध्ये, आणि भागधारकांच्या यादीत हिंदी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी. तिकडची विधवा बाई, धर्मोपदेशक, निवृत्त लष्करी अंमलदार अशी माणसे आपली पुंजी हिंदुस्थानच्या रेल्वेत घालीत. त्यांपैकी कितीकांना बोरघाट नकाशावरही दाखविता आला नसता! मग इतका विश्वास कशाचा? विश्वास होता तो हमीचा. रेल्वेस मिळकत होवो वा न होवो, भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याज देण्याचे वचन ईस्ट इंडिया कंपनीने, आणि पुढे सरकारने, दिले होते. आणि तूट आल्यास ती भरून निघे हिंदुस्थानच्या महसुलातून. अशा व्यवहारात काटकसरीची ओढ कोणास राहणार? हिंदुस्थान सरकारचे एक अर्थसदस्य मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे स्पष्टच सांगितले की, व्याजाची हमी मिळाल्यावर आपला पैसा हुगळी नदीत गेला काय किंवा विटाचुन्यात गेला काय, भागधारकास त्याचे सारखेच असे.

रेल्वेने देशाचे कल्याण झाले नाही असे मात्र मला म्हणावयाचे नाही. बोरघाटाचे काम पाहिले म्हणजे मान आदराने लवते. १८५६ साली आरंभ झाला. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल एवढ्याशा अंतरात बांधावे लागले. १८६१ साली कामावर चाळीस हजारांवर माणसे होती, आणि पटकीने त्यांतली किती गेली याची गणती नाही. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार १८५९ साली विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. तेव्हा त्याच्या पत्नीने, ॲलिसबाईने, तो ठेका अंगावर घेऊन आपल्या नेमलेल्या माणसांकडून पुरा करविला. २१ एप्रिल १८६३ रोजी सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला, आणि खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत पालखीने चढण्याचे दिवस संपले.

आता त्या दोन गृहस्थांकडे वळू. पहिले दादाभाई नौरोजी. गणिताची प्राध्यापकी हाती असताना १८५५ च्या जूनमध्ये त्यांनी ती सोडली आणि कामा मंडळींच्या नव्या पेढीत भागीदार म्हणून ते लंडनला निघाले. प्राध्यापकाने दुकानदारी पत्करावी याचे कित्येकांस नवल वाटले असले पाहिजे. विलायतेत हिंदी मालकीची पेढी निघण्याचा हा पहिलाच प्रसंग. परंतु पेढीच्या नफ्यात अफू आणि मद्य यांचा वाटा आहे, ही गोष्ट दादाभाईंना सहन होईना. त्यांनी भागीदारी सोडली आणि १८५९ साली स्वतःच्या नावाने कापसाच्या व्यापाराची पेढी काढली. व्यापारी म्हणून ते धनाढ्य झाले नाहीत. मात्र पेढीवर बसून वही लिहिणाऱ्या मनुष्यास जे दिसते ते केवळ ग्रंथ वाचणाऱ्यास दिसत नाही. हिंदुस्थानातून किती माल बाहेर जातो, त्याच्या मोबदल्यात किती येतो, आणि मधली रक्कम पगार, पेन्शन व व्याज या नावांखाली कोठे मुरते, हा ताळेबंद त्यांनी लंडनमध्येच मांडला. १८६७ साली ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे त्यांनी तो प्रथम वाचला, आणि १९०१ साली त्याचा मोठा ग्रंथ झाला. आमच्या इकडे न्यायमूर्ती रानडे व गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्याच विषयाचा विस्तार केला, तो बहुतेक घरांत ठाऊक आहे.

त्या ताळेबंदात रेल्वेच्या व्याजाचे कलम होते, आणि ते वर्षागणिक जड होत गेले. करार झाला तेव्हा रुपयाचा भाव एक शिलिंग दहा पेन्स असा धरला होता. पुढे चांदी उतरली आणि १८९४ च्या सुमारास रुपया एक शिलिंग दोन पेन्सांच्याही खाली गेला. व्याज मात्र पौंडांतच चुकते करावयाचे होते! मावळातल्या कुणब्याने शेतसारा रुपयांत भरावा आणि त्यातले रुपये विलायतेत पौंड होताना गळत जावेत, अशी ही गळती होती.

दुसरे गृहस्थ जमशेटजी नसरवानजी टाटा. १८५९ साली, विशीत असतानाच, वडिलांच्या पेढीच्या कामासाठी ते हाँगकाँगला गेले होते. बोरघाट खुला झाला त्याच वर्षी ते मुंबईस परतले, आणि पाहतात तो मुंबई वेडी झालेली. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेश-गुजराथेतील कापसास सोन्याचा भाव आला. या पैशाचे करावयाचे काय? टाउन हॉलसमोर झाडांच्या सावलीत उभे राहणाऱ्या दलालांनी याचे उत्तर दिले: भाग घ्या, भाग विका. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ आर्थिक मंडळ्या आणि ८ जमीन-कंपन्या होत्या. बॅकबेचा समुद्र हटविणाऱ्या कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या भागास पन्नास हजारांपर्यंत किंमत येत होती. या साऱ्या खटाटोपाचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद हा नसरवानजींच्या पेढीशी भागीदारीने जोडलेला होता.

असल्या दिवसांत लंडनमध्ये एक हिंदी बँक काढावी असे भागीदारांनी ठरविले. कल्पना वाईट नव्हती. कापूस इकडून जाणार, हुंड्या तिकडे वटणार, मग वटावाचा नफा परक्यांनी का घ्यावा? हे काम जमशेटजींवर सोपविण्यात आले. १८६४-६५ च्या हिवाळ्यात, जेमतेम पंचविशी गाठलेला तो तरुण कापसाच्या हुंड्या आणि रोखे बरोबर घेऊन निघाला. कागदावर तो श्रीमंत होता. आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे युद्ध संपले. कापूस कोसळला, १ जुलै हा मुंबईच्या वायद्यांचा चुकतीचा दिवस दिवाळ्यांचा दिवस ठरला, प्रेमचंद बुडाला, आणि जमशेटजींजवळचे कागद रद्दीच्या भावाचे झाले.

परक्या शहरात, सावकार दाराशी, आणि ज्या कागदांच्या बळावर बँक काढावयाची ते निर्जीव. अशा वेळी पुष्कळ माणसे पहिल्या बोटीने घर गाठतात. जमशेटजींनी तसे केले नाही. ते स्वतः होऊन सावकारांना व बँकवाल्यांना भेटले आणि खरी स्थिती त्यांच्यापुढे मांडली. त्याचा परिणाम असा झाला की, बुडालेल्या व्यवहाराची निरवानिरव करण्यास त्यांनी जमशेटजींनाच, महिना वीस पौंडांवर, नेमले! लंडनमध्ये बँक काढण्यास गेलेला मनुष्य आपल्याच दिवाळ्याचा पगारी कारकून झाला. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग पुढच्या गिरण्या-कारखान्यांहून अधिक बोलका आहे. पत म्हणजे काय, तिला हुंडीचा कागद लागतो की मनुष्याचा शब्द, हे त्यांना तेथे उमगले. आणि याच मुक्कामात लँकेशायरच्या कापसाच्या धंद्याशीही त्यांचा परिचय झाला.

परत आल्यावर त्यांनी सट्ट्याचे नाव घेतले नाही. १८६९ साली चिंचपोकळीस गिरणी काढली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. नागपुरास एका मारवाडी सावकाराने, जमिनीत माती भरण्यास पैसा घालणाऱ्याला आपण कर्ज देणार नाही, असे सांगितले म्हणतात. पुढे त्यानेच, ती माती नव्हती, सोने होते, अशी कबुली दिली. इकडे मुंबईच्या दलालांनीही १८७५ साली आपली संस्था बांधली. ६५ सालचा चटका बसल्यावाचून ती शिस्त आली नसती.

लंडनचे दार मात्र टाटांना आणखी एकदा ठोठवावे लागले. जमशेटजी १९०४ साली वारले. त्यांचे चिरंजीव दोराबजी पोलादाच्या कारखान्यासाठी भांडवल मागावयास लंडनला गेले. रेल्वेच्या हमीला भुललेला तो बाजार हिंदी कारखान्यास मात्र पैसे देईना. येथे हमी नव्हती, हे एक. आणि देखरेखीचा अधिकार आपल्या हाती असावा, ही तिकडची इच्छा, हे दुसरे. अखेर १९०७ साली भाग मुंबईतच विक्रीस काढले, आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी सोळा लाख तीस हजार पौंडांचे भांडवल उभे केले.

आता पुन्हा लोणावळा. भुशीपासून थोड्या अंतरावर लोणावळा, वळवण आणि शिरवटा हे तीन तलाव आहेत. त्यांची मूळ कल्पना जमशेटजी व डेव्हिड गॉस्टलिंग या इंजिनिअरांची: मावळचा पाऊस डोंगरावर अडवावा, सतराशे फुटांहून अधिक उंचीवरून नळांनी खोपोलीस सोडावा आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवाव्या. १९१० साली कंपनी निघाली; ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यास कोनशिला बसविली, आणि १९१५ साली वीज मुंबईस पोहोचली. हिचे भांडवल देशातलेच, संस्थानिकांचे व व्यापाऱ्यांचे. त्याच मावळात तळेगावास १९०८ साली अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाचा काचकारखाना निघाला होता. तेथे तर माणशी एकेक पैसा गोळा करून भांडवल जमविले होते. लंडनच्या पैशाने बांधलेले भुशी, मुंबईच्या भागांवर बांधलेले वळवण आणि घरोघरच्या पैशावर उभा राहिलेला तळेगावचा कारखाना, ही तीन स्थळे आगगाडीने तासाभरात पाहून होतात.

पण भांडवल स्वदेशी असले म्हणजे सर्वांचेच समाधान होते, असे नाही. १९२१ साली शेजारच्या मुळशी पेट्यात टाटांच्या दुसऱ्या कंपनीचे धरण होऊ लागले तेव्हा मावळ्यांनी सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह केला. ज्याचे भाताचे खाचर पाण्याखाली जावयाचे त्याला भाग मुंबईत विकले की लंडनमध्ये, याचे सोयरसुतक काय असणार? धरण झाले आणि खाचरे बुडाली. टाटांच्या उद्योगाचे कौतुक करताना हे पान वगळून वाचणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सरकारने १९०० साली विकत घेतली. किंमत रोख न देता लंडनच्या भागधारकांना वर्षासने बांधून दिली, आणि त्यांची मुदत मूळ कराराच्या नव्याण्णव वर्षांशी जुळवून १९४८ पर्यंत ठेवली. मध्यंतरी १९३० पर्यंत घाटातील गाड्या विजेवर धावू लागल्या, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली. घाट चढणाऱ्या एंजिनाला भुशीच्या पाण्याची गरज उरली नाही. वर्षासने मात्र त्यानंतरही अठरा वर्षे विलायतेस जात राहिली.