बँकेचे व्हॅल्युएशन कमी आले तर?



एशियन टाउनला मॅच बघायला जा किंवा मनी एक्स्चेंजच्या रांगेत उभे राहा, आपली माणसे भेटली की गप्पा गावाकडच्या फ्लॅटवर येतातच. व्याजदर सगळ्यांना पाठ असतात. व्हॅल्युएशनबद्दल मात्र कोणी बोलत नाही. मी इथे दोहात बसून पुण्यात रीसेल फ्लॅट ठरवला आणि नेमका तिथेच अडकलो, म्हणून ही माहिती.

फ्लॅटचा भाव आपण आणि विकणारा ठरवतो. पण बँक आपला व्हॅल्युअर पाठवते, आणि करारातली किंमत व त्याचा आकडा यांपैकी जो कमी असेल त्यावर कर्ज मोजते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. बँक याहून कमीही देऊ शकते.

माझाच हिशेब सांगतो. भाव ठरला ९० लाख. ८० टक्क्यांनी ७२ लाख कर्ज, १८ लाख स्वतःचे, असे धरून चाललो होतो. व्हॅल्युअरने ८० लाख लावले. कर्ज ६४ लाखांवर आले आणि माझे १८ चे २६ लाख झाले. शिवाय स्टँप ड्यूटी वेगळी. पुण्यात साधारण सात टक्के, आणि ती करारातली किंमत किंवा रेडी रेकनर यांतल्या जास्त आकड्यावर. म्हणजे बँक लहान आकडा धरते आणि सरकार मोठा! ड्यूटी आणि नोंदणी फी सहसा कर्जात बसत नाही, तेही खिशातूनच.

आकडा कमी का येतो? माझ्या बाबतीत टेरेस बंद करून केलेली खोली विकणाऱ्याने क्षेत्रफळात धरली होती. मंजूर नकाशात ती नव्हती. फर्निचरचे पैसे भावात मिसळलेले असणे, कार्पेटऐवजी सुपर बिल्टअपवर भाव लावलेला असणे, भोगवटा प्रमाणपत्र नसणे, जुनी इमारत, ही नेहमीची कारणे. पार्किंगचे वेगळे पैसे मागत असतील तर जपून. बिल्डरला ओपन किंवा स्टिल्ट पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे.

अशा वेळी आधी बँकेकडे कारण विचारा. क्षेत्रफळ चुकीचे धरले असेल तर मंजूर नकाशा देऊन फेरतपासणी मागता येते. दुसऱ्या बँकेकडे जाता येते, पण प्रोसेसिंग फी पुन्हा भरावी लागते आणि दोन-तीन आठवडे जातात. मी तोच आकडा दाखवून विकणाऱ्याशी बोललो. तो ८६ वर आला. कर्ज ६४ च राहिले, माझे २२ लाख गेले.

खरी चूक वेगळीच होती. दोन लाखांचा विसार मी आधीच देऊन बसलो होतो आणि विसारपावतीत कर्जाबद्दल एक शब्द नव्हता. विकणारा अडून बसला असता तर ते पैसे गेल्यात जमा होते. करार पुरा व्हावा याची हमी म्हणून दिलेली रक्कम घेणाऱ्याने माघार घेतल्यास जप्त होऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. त्यामुळे पावतीत स्पष्ट लिहून घ्या: अमुक रकमेचे कर्ज अमुक तारखेपर्यंत मंजूर न झाल्यास विसार पूर्ण परत. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत कराराआधी बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही (रेरा, कलम १३).

"करार कमीचा करू, वरचे रोख द्या," असेही कोणी सुचवेल. नको. एनआरआयने पैसे बँकेमार्फत, म्हणजे एनआरई किंवा एनआरओ खात्यातून अथवा थेट रेमिटन्सने द्यायचे असतात. उरलेल्या रकमेसाठी इथे पर्सनल लोन काढणेही मला पटत नाही. नोकरी गेली तर दोन देशांत दोन हप्ते!

शेवटचे, मुखत्यारपत्राबद्दल. इथे भारतीय दूतावासातून साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत स्टँप करून घ्यावे लागते. ते हातात आले की घरचे उत्साहाने नोंदणी उरकून टाकतात. आईबाबांना फोनवर सांगून ठेवा, व्हॅल्युएशनचा आकडा कळेपर्यंत रजिस्ट्रारकडे जायचे नाही.