कूपर ब्लॅक : एका मुद्राक्षराच्या अर्थांतराचा इतिहास

शब्दाचा अर्थ त्याच्या ध्वनींत साठविलेला नसतो. तो भाषकसमाजाच्या वापराने ठरतो व वापर बदलला म्हणजे पालटतो, हे भाषाशास्त्रातील मूलभूत तत्त्व होय. मुद्राक्षरांच्या वळणाविषयी बोलताना मात्र ही सावधगिरी सहसा पाळली जात नाही. धारदार अक्षर कठोर आणि गोलसर अक्षर प्रेमळ, असे समीकरण सर्रास मांडले जाते. जाड व गोलसर शीर्षकाक्षरांत सर्वाधिक ख्याती पावलेले रोमन मुद्राक्षर ‘कूपर ब्लॅक’ याचा इतिहास या समीकरणाची परीक्षा घेण्यास उपयोगी पडतो.

या अक्षराचा कर्ता ऑस्वाल्ड ब्रूस कूपर (१८७९–१९४०) हा अमेरिकेतील ओहायो राज्यात जन्मला. चित्रकलेच्या ओढीने तो शिकागोस आला. तेथील फ्रँक होम यांच्या चित्रशाळेत फ्रेडरिक गाउडी हे अक्षरलेखनाचे शिक्षक त्यास लाभले. १९०४ मध्ये फ्रेड बर्ट्श याच्या भागीदारीत त्याने जाहिरातींची मांडणी व अक्षरलेखन करणारी पेढी काढली. पॅकार्ड मोटारींच्या जाहिरातींसाठी त्याने हाताने रेखाटलेली अक्षरे इतकी लोकप्रिय झाली की, त्यांवरून १९१३ मध्ये एक मुद्राक्षरच ओतण्यात आले. पुढे शिकागोतील बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतशाळेने कूपरकडूनच मुद्राक्षरे करवून घेतली. आरंभी ‘कूपर ओल्ड स्टाइल’ हे साधे वळण निघाले. त्याचाच अतिशय जाड अवतार म्हणजे १९२२ चे ‘कूपर ब्लॅक’. सारांश, या अक्षराचे मूळ ग्रंथमुद्रणात नसून जाहिरातीत आहे.

त्याचे रूप नीट न्याहाळले पाहिजे. रोमन अक्षराच्या दंडांना वरखाली जी टोके असतात, ती येथे पूर्णपणे बोथट व फुगीर केलेली आहेत. देवनागरी अक्षर शिरोरेषेस लोंबते, तर रोमन अक्षर पायथ्याच्या रेषेवर उभे असते. कूपर ब्लॅकमध्ये या पायथ्याशीही सपाटी नाही. प्रत्येक दंडाचा तळ गोलावलेला असल्यामुळे अक्षर उशीवर टेकल्यासारखे दिसते. अक्षरांच्या पोटातील पोकळ्या लहान व किंचित तिरप्या आहेत आणि रेषेखाली उतरणारे भाग आखूड आहेत. त्यामुळे ओळी एकमेकींजवळ बसतात व कागदावर काळ्या रंगाचा सलग पट्टा उमटतो. लहान आकारात या पोकळ्या शाईने भरून जाण्याची भीती असते. म्हणून सलग मजकुरासाठी हे अक्षर निरुपयोगी, परंतु मथळ्यासाठी समर्थ ठरते. शिवाय ज्या खिळ्याचा कोपरा मुळातच बोथट, त्याची झीज डोळ्यांत भरत नाही आणि खरबरीत कागदावर शाई थोडी पसरली तरी त्याचे रूप बिघडत नाही.

दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी व अधू दृष्टीच्या गिऱ्हाइकांसाठी हे अक्षर आहे, असे कूपर विनोदाने म्हणत असल्याचे प्रसिद्ध आहे. अक्षराचा खप मोठा झाला. १९२५ मध्ये ‘हायलाइट’ हा पांढऱ्या रेघेचा प्रकार व १९२६ मध्ये तिरपे वळण निघाले. प्रतिस्पर्धीही स्वस्थ बसले नाहीत. लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीने १९२५ मध्ये ‘गाउडी हेवीफेस’ बाजारात आणले. शिष्याच्या यशाला उत्तर म्हणून गुरूला जाड अक्षर रेखाटावे लागले, हा योगायोग लक्षणीय आहे. जुन्या परंपरेच्या मुद्रकांना मात्र हा काळा भडकपणा रुचला नाही. त्या काळी या अक्षरात कोणास प्रेमळपणा दिसला असेल, तर तो गौण होता. त्याचा मुख्य अर्थ होता बाजार, नवेपणा आणि मोठा आवाज.

तथापि, नवेपणाचा हा अर्थ फार काळ टिकला नाही. १९२७ मध्ये जर्मनीत निघालेल्या ‘फ्यूचुरा’सारख्या भूमितीबद्ध, टोकरहित अक्षरांकडे आधुनिकतेचा मान गेला आणि कूपर ब्लॅक जुनाट भासू लागले. १९३३ मध्ये मूळ ओतशाळाही बंद पडली.

साठोत्तर काळात छायाजुळणी व घासून उमटविण्याची अक्षरे आली आणि शिशाच्या खिळ्यांची अडचण दूर झाली. त्याबरोबर या अक्षराचे पुनरुज्जीवन झाले. १९६६ मध्ये ‘बीच बॉइज’ या गायकवृंदाच्या ‘पेट साउंड्स’ तबकडीच्या वेष्टनावर ते तारुण्याचे चिन्ह बनले. १९६८ पासून बी. बी. सी. च्या ‘डॅड्स आर्मी’ या महायुद्धकालीन विनोदी मालिकेच्या नामावलीत तेच गतकाळाविषयीच्या जिव्हाळ्याचे चिन्ह ठरले. पुढील दशकात सदऱ्यांवर इस्त्रीने चिकटविण्याच्या अक्षरांतून ते घरोघर पोचले. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ईझीजेट’ या विमान कंपनीच्या नावात त्याने स्वस्ताईची ग्वाही दिली.

आकार तोच, अर्थ मात्र चार. यावरून वळणाला स्वतःचे काहीच नसते, असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. दुरून दिसणे, शाई व झीज सोसणे, जागा कमी व्यापणे हे गुण आकाराचेच आहेत. परंतु भडकपणा, तारुण्य, स्मरणरंजन व स्वस्ताई हे अर्थ समाजाने क्रमाक्रमाने त्यावर चढविले आणि त्यांतील काही उतरविलेही. देवनागरीतही जाड, गोलसर शीर्षकाक्षरे आज घडविली जात आहेत. त्यांवर ‘बालिश’ किंवा ‘प्रेमळ’ असा शिक्का मारण्यापूर्वी रूपाचा गुण कोणता व रूढीचे देणे कोणते, एवढा विवेक तरी केला पाहिजे. शब्दांच्या बाबतीत अभ्यासक जो विवेक करतो, त्यास अक्षरेही तितकीच पात्र आहेत.